आधी जवळचा

हेस्तनेसमध्ये मी किराणा दुकान चालवते आणि डोंगरात कुणी अडकलं की निघणाऱ्या पथकातही असते. आमच्यासारख्या लहान गावात माणसं कमी, त्यामुळे एकेकाच्या गळ्यात दोन-दोन कामं. हाल्वरनं ईस्टरच्या सुट्टीआधी माझ्याकडून संत्री नेली, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला शोधायला मी फावडं घेऊन निघाले.

दुकानात तो आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ वेमुंड होता. हाल्वरनं त्याला खांद्याला धरून माझ्यासमोर उभं केलं.

"बघ गुनवोर, बर्गनहून काय माल आलाय! पावसात भिजून भिजून पांढरा पडलाय नुसता. उद्या वर नेऊन उन्हात वाळत घालतो."

"ह्याचं ऐकू नकोस," वेमुंड म्हणाला. "मागच्या वेळी शिखरावर माझी कॉफी पिऊन संपली, तरी हा खाली बर्चच्या झाडीत धापा टाकत होता."

"गुडघा दुखत होता माझा."

"गुडघा नाही, पोट आडवं येत होतं."

वेमुंडला हसताना पाहून मला बरं वाटलं. शरद ऋतूत त्याची बायको त्याला सोडून गेली होती, आणि तेव्हापासून तो फोनवर 'हो', 'नाही', 'बघू' याच्यापुढे बोलत नव्हता. हाल्वर त्याला दर रविवारी फोन करायचा. शेवटी त्यानं सांगून टाकलं होतं, "घरी ये. आईला तुला बघायचंय आणि मला तुला दमवायचंय. दमलास की झोप तरी लागेल."

मी संत्री पिशवीत भरता भरता विचारलं, "कुठून जाणार? नैर्ऋत्येचा वारा होता इतके दिवस, पूर्वेला बर्फ साठलं असेल."

"क्वितहोर्न शिखराच्या धारेवरून. पूर्वेच्या खोबणीत पाऊलसुद्धा टाकणार नाही. आणि तुरिद बरोबर आहे. ती टाकू देईल असं वाटतं तुला?"

तसं मला वाटत नव्हतं. तुरिद म्हणजे हाल्वरची बायको, आमच्या फ्योर्डवरच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीवरच्या, फेरीबोटीची कप्तान. आवाज न चढवता सगळं ठरल्याप्रमाणे करून घेणारी बाई. हाल्वर सुतार, बडबड्या, गावात कुणाचंही दार अडकलं की रंधा घेऊन हजर. त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत, निदान लोकांसमोर तरी नाही. पण संध्याकाळी बोट धक्क्याला लागली की हाल्वर तिथे उभा असायचा, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

पुढचं जे सांगते ते तुरिदनं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. काही फोनवर, काही दुकानात गिऱ्हाईक नसताना.

दिवस लख्ख होता. शिखरावर वारा पडलेला. तिघं पाठीला पाठ लावून बसले, संत्री सोलून खाल्ली. खाली फ्योर्ड इतका निश्चल की दोन्ही काठांचे डोंगर पाण्यात उलटे उभे. वेमुंड मध्येच म्हणाला, "काल रात्री झोपलो मी. सकाळपर्यंत." हाल्वरनं भावाची टोपी ओढून त्याच्या डोळ्यांवर आणली.

स्कीवरून उतरताना एकेकानं जायचं ठरलं. धारेवरची ती वाट गावातले सगळे वापरतात. फक्त एका ठिकाणी धार तुटते आणि एक छोटा उतार आडवा ओलांडावा लागतो. हाल्वर आधी गेला. उतार ओलांडून खाली, एका खडकाळ उंचवट्याच्या आडोशाला थांबला आणि काठी वर केली. मग वेमुंड निघाला. तुरिद वरच थांबली.

वेमुंड मधोमध पोचला तेव्हा एक आवाज झाला. जड गादी जमिनीवर टाकावी तसा, दबका. तुरिदच्या स्कीच्या टोकांपुढून बर्फात एक भेग पळत गेली. इतकी सरळ, की कुणी दोरी धरून आखावी. आणि भेगेच्या खालचा सगळा डोंगर चालू लागला.

"हाल्वर!" ती ओरडली. तेवढंच तिला आठवतं. वेमुंड आधी कंबरेपर्यंत दिसला, मग एक हात, मग काही नाही. हाल्वर ज्या आडोशाला होता तो आडोसा नेहमी कोसळणाऱ्या हिमकड्याला पुरला असता. हा वळसा घेऊन पूर्वेच्या खोबणीतलं बर्फही बरोबर घेऊन आला. उंचवट्याच्या दोन्ही बाजूंनी फुटला आणि खाली एकत्र झाला. धुरळा बसला तेव्हा खाली नुसते ढेकळांचे ढीग होते, आणि शांतता.

तिनं मदतीला फोन केला. कुठे, किती जण, हे नीट सांगितलं. त्या फोनची ध्वनिफीत मी नंतर ऐकली. फेरीची वेळ सांगावी तसा आवाज आहे तिचा. मग छातीवरचं शोधयंत्र काढून तिनं ते ऐकण्यावर टाकलं आणि उघड्या पडलेल्या कठीण उतारावरून खाली गेली.

हे यंत्र प्रत्येकाच्या अंगावर असतं. गाडलेल्याचं यंत्र संदेश पाठवत राहतं, शोधणाऱ्याचं तो पकडून अंतर दाखवतं. दर डिसेंबरात शाळेमागच्या मैदानात मी गावाला त्याचं शिक्षण देते. तुरिद आणि हाल्वर दरवर्षी यायचे. मी तेच तेच सांगायचे: दोघं गाडले गेले असतील तर आधी जवळचा. कोण आहे ते यंत्र सांगत नाही, तुम्हीही विचार करू नका. जवळच्याचं तोंड मोकळं करा, श्वास सुरू झाला की दुसऱ्याकडे पळा.

तुरिदच्या यंत्रावर दोन खुणा आल्या. ती जवळच्या खुणेकडे गेली. लांब सळी बर्फात खुपसून पाहिली. सळीला काहीतरी मऊ लागलं. ती फावड्यानं खणू लागली. थांबलेलं हिमकड्याचं बर्फ सिमेंटसारखं घट्ट असतं, एकेक ढेकूळ फोडून काढावं लागतं. खणता खणता बर्फातून एक हातमोजा वर आला.

निळा हातमोजा.

हाल्वरचे हातमोजे चामड्याचे, तपकिरी होते.

तिनं चेहऱ्यापर्यंत खणलं. वेमुंडचे ओठ काळेनिळे पडले होते, तोंडात बर्फ भरलं होतं. तिनं बोटानं ते बाहेर काढलं, मान सरळ केली, त्याच्या तोंडात श्वास फुंकला. पुन्हा फुंकला. तो खोकला, आणि मग असा काही श्वास ओढला की ती म्हणते, तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

त्याचा एक हात मोकळा होता. बाकी सगळा छातीपर्यंत बर्फात, खाली पाय मोडलेला. शुद्ध येताच त्यानं त्या मोकळ्या हातानं तिची बाही घट्ट धरली.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. "तुरिद, मला काढ. जाऊ नकोस."

"हाल्वर आत आहे. सोड."

"नको, नको, जाऊ नकोस."

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. बर्फाखालून वर आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या क्षणी त्यांना भाऊ, आई, स्वतःचं नाव, काहीच ठाऊक नसतं. तुरिदनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. सुटेनात तेव्हा त्याच्या मनगटावर मूठ मारली आणि दुसऱ्या खुणेकडे धावली.

हाल्वर फार खोल होता. सळी जवळजवळ पूर्ण आत गेली तेव्हा कुठे लागली. एकट्या माणसानं तेवढं खणणं म्हणजे विहीर खणणं. ती खणत राहिली. मागे वेमुंड काही वेळ तिला हाका मारत होता. मग त्याच्या हाका बदलल्या, तो भावाला हाका मारू लागला.

हेलिकॉप्टर कुत्रा आणि डॉक्टर घेऊन उतरलं. पाठोपाठ आम्ही गावातले पोचलो. तुरिद खड्ड्यात खांद्यापर्यंत आत होती. मी तिला म्हटलं, "बाहेर ये, आम्ही खणतो." तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. दोघांनी तिला काखेत धरून वर काढलं आणि आम्ही चौघं आत उतरलो. तपकिरी हातमोजा मलाच आधी दिसला. तो त्याच्या तोंडापुढे होता. श्वासाला जागा राहावी म्हणून हात चेहऱ्यापुढे धरायचा, हेही मीच शिकवलं होतं.

नाडी नव्हती. डॉक्टर म्हणाली, "गार पडलेल्या माणसाबद्दल इथे काही ठरवत नाही मी," आणि छाती दाबत दाबतच त्याला उचलून नेलं. तुरिद त्याच्याबरोबर गेली. वेमुंडला दुसऱ्या फेरीत नेलं. स्ट्रेचरवरून तो प्रत्येकाला एकच विचारत होता, "सापडला ना? बोलला ना?"

दोघा भावांच्या आईला, आस्लाउगला, सांगायचं काम माझ्याकडे आलं. गावात हेलिकॉप्टर घुमलं की ज्याचं माणूस डोंगरात आहे ते दारात येऊन उभं राहतं. ती उभी होती. सत्तरी ओलांडलेली बाई, हातात अजून बटाटे सोलायची सुरी. मी फाटकातून आत शिरले.

"एकजण बोलतोय आस्लाउग. पाय मोडलाय, पण बोलतोय. दुसऱ्याला दवाखान्यात नेलंय, प्रयत्न चालू आहेत."

"कुठला?" तिनं विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं हात वर केला. "थांब. सांगू नकोस."

"आस्लाउग..."

"तू सांगितलंस की मला एकाबद्दल आनंद होईल. जरा थांब."

आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. पागोळ्यांतून पाणी ठिबकत होतं. तिनं सुरी पुसली, अॅप्रनच्या खिशात घातली, मग पुन्हा बाहेर काढली. "आता सांग," ती म्हणाली. मी सांगितलं. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "तुरिदजवळ कोण आहे?"

शहरातल्या दवाखान्यात त्यांनी हाल्वरचं रक्त यंत्रानं बाहेर काढून, गरम करून परत आत सोडलं. फार वेळ झटले ते. संध्याकाळी त्यांनी यंत्र बंद केलं.

अंत्यसंस्काराला चर्च भरून माणसं बाहेर उभी होती. वेमुंड कुबड्या घेऊन आला आणि शेवटच्या बाकावर बसला. आईनं पुढे बोलावलं तर मान हलवली. तुरिद पुढच्या बाकावर सरळ बसली होती, एकदाही मागे वळली नाही. लोकांनी ते पाहिलं, आणि लोक बोलणारच. आठवडाभरानं म्हातारा तोरगाइर दुकानात तंबाखू घ्यायला आला आणि म्हणाला, "नवऱ्याला सोडून दिराला आधी काढलं म्हणे."

"यंत्रात नाव येत नाही तोरगाइर," मी म्हटलं. "आणि आलं असतं, तुझं नाव आलं असतं, तरी तिनं तुलाही काढलं असतं. गावात दुसऱ्या कुणाबद्दल मी एवढी खात्री देणार नाही."

तो तंबाखू न घेताच गेला. मलाही नंतर वाईट वाटलं, कारण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हाल्वरनं त्याच्या घराचं छप्पर बसवून दिलं होतं. त्यालाही कुणावर तरी रागवायचं होतं, एवढंच.

वेमुंड आईकडे राहिला, पाय जुळेपर्यंत. तुरिद दोन घरं सोडून राहत होती. वसंत संपेपर्यंत दोघांची गाठ पडली नाही. पडू नये अशी काळजी दोघंही घेत होते.

जूनमध्ये मेंढ्या वर नेणाऱ्यांनी निरोप धाडला की बर्फ वितळून स्कीची एक जोडी उघडी पडलीय. मी तुरिदला सांगितलं. ती म्हणाली, "मी जाते." मग आस्लाउगचा फोन आला, वेमुंडही जायचं म्हणतोय, पण एकट्याला सोडवत नाही. शेवटी आम्ही तिघंही निघालो. वेमुंड काठी टेकत, लंगडत. वाटभर मीच आपली काहीबाही बोलत होते, दुकानातल्या फ्रीजबद्दल, मेंढ्यांबद्दल. शेवटी तुरिद म्हणाली, "गुनवोर, जरा गप्प बस ना." वेमुंडला हसू आलं. तिलाही येता येता राहिलं.

वर हिमकड्याचा मळका ढीग उरला होता. माती, मोडलेल्या फांद्या, खाली वाहणारं पाणी. स्की हाल्वरच्या होत्या. तुरिदनं त्या हातानं पुसल्या आणि मांडीवर घेऊन खडकावर बसली. वेमुंड उभाच राहिला.

"एक विचारायचंय," तो म्हणाला. "मी किती वेळ धरून ठेवलं होतं तुला?"

तिला कळलं नाही. मग कळलं.

"तुला आठवतंय ते?"

"बाही आठवते. आणि माझा आवाज. मी जाऊ नकोस म्हणत होतो. माझा भाऊ खाली होता आणि मी..." त्यानं काठी जमिनीत रोवली. "किती वेळ, तुरिद? खरं सांग."

"क्षणभर."

"खोटं."

"क्षणभर, वेमुंड. तू आत्ताच श्वास घेतला होतास. ताकद कुठे होती तुझ्यात?" तिनं स्कीवरून हात फिरवला. "त्यानं काही फरक पडला नाही. तो खोल होता. मी खणत होते, मला माहीत आहे."

तो मान खाली घालून ऐकत होता. विश्वास बसला की नाही, कोण जाणे. मी दूर जायला निघाले तर तुरिद म्हणाली, "थांब, तूही ऐक." मग ती त्याच्याकडे बघून बोलली.

"हातमोजा वर आला तेव्हा मला कळलं की तू आहेस. तोंड अजून बर्फातच होतं तुझं. आणि मी उठले. एक पाय खड्ड्याबाहेर टाकला होता मी. मला हा नको, दुसरा हवा, असं वाटलं. तुला तसंच ठेवून निघाले होते."

वेमुंडनं हळूच विचारलं, "मग?"

"मग परत बसले."

"का?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही. नियम म्हणून असेल. तुझ्यावर माया होती म्हणून नाही, एवढं मला आठवतंय." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "अजूनही मी ते रोज करते. डोळे मिटले की खणते. आणि दर वेळी परत तिथेच बसते. एकदाही उठून त्याच्याकडे जात नाही."

वेमुंड काठी टाकून खाली बसला, मोडलेला पाय लांब पसरून. तो रडत होता. पण तिच्याजवळ सरकायची त्याची हिंमत झाली नाही, तीही सरकली नाही. मग तो म्हणाला, "तू उठली असतीस तरी मी तुला काही म्हटलं नसतं."

"तू मेला असतास, वेड्या. म्हणणार काय?"

तो हसला, नाकानं, रडता रडताच. त्या दोघांच्या बोलण्यात मला तेवढ्यापुरता हाल्वर ऐकू आला.

उतरताना एक स्की तिनं खांद्यावर घेतली, एक मी. वेमुंडला काठीमुळे काहीच घेता आलं नाही.

ऑगस्टमध्ये तो बर्गनला परत गेला. माझी समजूत होती की डोंगरावरच्या त्या बोलण्यानंतर दोघांचं नीट होईल. तसं झालं नाही. तो रविवारी फोन करायचा, तुरिद कधी उचलायची, कधी नाही. मी एकदा तिला टोकलं तेव्हा ती म्हणाली, "राग नाही गं. पण मागून तो हाल्वर दिसतो. आईकडे भांडी घासत उभा होता, मान अगदी तीच. मी दारातून परत आले."

ख्रिसमसला आस्लाउगनं दोघांनाही जेवायला बोलावलं. वेमुंड आला. तुरिदनं त्या दिवशीची पाळी मागून घेतली. फेरी सणालाही चालू असते, कुणीतरी चालवावीच लागते. आस्लाउगनं एका शब्दानं आग्रह केला नाही. दुपारी डबा फडक्यात बांधून, बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून ती बर्फावरून धक्क्यापर्यंत चालत आली. मीही पलीकडे बहिणीकडे निघाले होते, तिला हात दिला. बोटीवर चढल्यावर ती बसायच्या खोलीत न जाता थेट वर, सुकाणूच्या खोलीकडे निघाली. प्रवाशांना तिथे मज्जाव आहे, पण तिला अडवायची कुणाची छाती? मी मागोमाग गेले, ती जिन्यावर घसरेल म्हणून.

डब्यात मेंढीच्या खारवून वाळवलेल्या, मग वाफवलेल्या बरगड्या होत्या आणि सुरणासारख्या पिवळ्या कंदाचं भरीत. पलीकडच्या काठाला लागून गाड्या उतरेपर्यंत तुरिदला खायला सवड मिळाली नाही. मग ती उभ्याउभ्याच खाऊ लागली. आस्लाउग काचेतून पाण्याकडे बघत बसली होती. मला तिथेच उतरायचं होतं, पण पाय निघेना.

"मीठ जास्त झालं का?" आस्लाउगनं विचारलं.

"थोडं."

"मी नाही केलं. वेमुंडनं केलंय. मीठ उतरायला आधी भिजत घालायला हवं होतं, विसरला."

तुरिदनं डब्याकडे पाहिलं. हातात अर्धी खाल्लेली बरगडी होती. खाली धक्क्यावरचा माणूस हात करून विचारत होता, निघायचं का.

"त्याला सांग," ती म्हणाली, "आदल्या रात्रीच घालायचं असतं भिजत." आणि उरलेलं खाऊ लागली.